मीटरवर ‘हाय’, पडद्यावर कोरं

वॉर्डातल्या एका सिस्टरना मेमो मिळाला होता: रात्रीची साखर तपासली नाही. पेशंट इन्सुलिनच्या ड्रिपवर आणि सकाळी राउंडला आलेल्या डायबेटॉलॉजिस्टच्या टॅबवर त्या वेळेचा रकाना कोरा. सिस्टर सांगत होत्या की तपासली होती. वहीत ‘हाय’ लिहिलं होतं, डॉक्टरांना फोन केला होता, ड्रिपचा वेगही त्यांच्या सांगण्यावरूनच वाढवला होता. मेट्रनचं म्हणणं एकच, मग सिस्टीममध्ये का नाही? हा प्रश्न हॉस्पिटलच्या आयटीतून फिरत फिरत बाणेरला आमच्या ऑफिसात आला. तिकिटाचा मथळा होता, ‘युजरने नोंद केली नाही, खात्री करा’. म्हणजे निकाल आधीच लागलेला, आम्ही फक्त शिक्का मारायचा.

आमचं काम हॉस्पिटलातल्या मशीनांचे निकाल उचलून एफएचआयआरच्या, म्हणजे आरोग्याच्या नोंदींची देवाणघेवाण करायच्या स्टँडर्डच्या, साच्यात बसवणं. ग्लुकोमीटर डॉकवर ठेवला की रीडिंग एचएल-सेव्हनच्या, म्हणजे त्याच कामाच्या जुन्या स्टँडर्डच्या, मेसेजमधून हॉस्पिटलच्या इंटिग्रेशन इंजिनकडे, म्हणजे मेसेज इकडून तिकडे पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे जातं, तिथून आमच्या एपीआयला, म्हणजे मेसेज स्वीकारायच्या आमच्या दाराशी, मग एसक्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या मेसेज-रांगेत. रांगेतून दहा-दहाचे गठ्ठे लॅम्डा फंक्शन, म्हणजे मेसेज आले की अ‍ॅमेझॉनवर चालणारा आमचा छोटा प्रोग्रॅम, उचलतं. आमच्या मालकीचा एकही सर्व्हर नाही, सगळं अ‍ॅमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये.

डॅशबोर्ड उघडला. त्या रात्री एरर शून्य. आठवडाभर मागे गेले, तरी शून्य. रोज हजारो मेसेज येतात, मशीनं वेगवेगळ्या कंपन्यांची, आणि एकही एरर नाही? एवढी हिरवळ पाहिली की मला धडकी भरते. आमच्या मॅनेजरसाहेबांनी मात्र तोच स्क्रीनशॉट क्लायंटच्या तिमाही मीटिंगमध्ये लावला होता.

लॉगमध्ये त्या मिनिटाला एक ओळ सापडली: ‘प्रोसेसिंग फेल, तपशील लपवला आहे’. बस. पूर्वी कधीतरी एका एररच्या मजकुरात पेशंटचं नाव आणि मोबाइल नंबर लॉगमध्ये उतरला होता. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आल्यावर कुणीतरी मास्किंगचं, म्हणजे खासगी मजकूर झाकणारं, मिडलवेअर (मूळ फंक्शनभोवती चालणारा कोडचा थर) घातलं, आणि ते एररचा अख्खा मजकूरच काळा करत होतं. असे थर रचायला आम्ही मिडी नावाची लायब्ररी वापरतो. त्यात एररच्या वेळी मिडलवेअर उलट्या क्रमाने चालतात. मास्किंग आधी, लॉगर नंतर. त्यामुळे लॉगरच्या हाती येईपर्यंत काहीच उरलेलं नसायचं. पेशंटचं नाव लपवायचं, हे बरोबरच. पण मेसेजचा आयडी, कुठला सेगमेंट (मेसेजची ओळ), कितवं फील्ड (ओळीतला रकाना) आणि कुठल्या प्रकारची चूक, एवढं ठेवलं तर कुणाचंही गुपित फुटत नाही.

मूळ मेसेज इंजिनकडे साठवलेला होता म्हणून मागवता आला. बऱ्याच ग्लुकोमीटरना डेसीलीटरमागे ६०० मिलिग्रॅमच्या वर मोजता येत नाही. साखर त्यापलीकडे गेली की ते आकडा न देता ‘हाय’ दाखवतात, फार खाली गेली की ‘लो’. आता एचएल-सेव्हनच्या ओबीएक्स या निकालाच्या सेगमेंटमध्ये दुसरं फील्ड सांगतं की मूल्य कुठल्या प्रकारचं आहे, आणि पाचव्यात ते मूल्य असतं. या मीटरने दुसऱ्यात ‘एनएम’, म्हणजे निव्वळ आकडा, असं ठोकून दिलं होतं आणि पाचव्यात खुशाल ‘हाय’. ‘६०० पेक्षा जास्त’ म्हणायला ‘एसएन’ नावाचा वेगळा प्रकार आहे, त्यात चिन्ह आणि आकडा वेगवेगळे लिहिता येतात. पण स्टँडर्ड वाचून मशीन बनवणाऱ्यांची जमात विरळाच.

आमच्या फंक्शनने ‘हाय’चा आकडा करायचा प्रयत्न केला, जमला नाही, एरर फेकला. इथवर सगळं शहाणपणाचं. मग सगळ्यात बाहेरच्या मिडलवेअरने तो एरर झेलला, ती काळी ओळ लिहिली आणि फंक्शन यशस्वी झालं असं सांगितलं. लॅम्डा यशस्वी म्हटल्यावर तो मेसेज रांगेतून पुसला जातो. पोस्टमनने पाकीट फाडून नाल्यात टाकावं आणि रजिस्टरवर ‘पोचलं’ अशी सही करावी, तसं. इंजिनला तर आमच्या एपीआयने सुरुवातीलाच दोनशेचा, म्हणजे ‘मिळालं, ठीक आहे’चा, कोड देऊन टाकलेला, त्यामुळे त्यांच्या बाजूलाही सगळं आलबेल.

हे लिहिणारा मुलगा केव्हाच बंगळुरूला गेला. त्याला मी फार नावं ठेवत नाही. गठ्ठ्यातला एक मेसेज बिघडला की अख्खे दहा रांगेत परत जायचे, पुन्हा यायचे, पुन्हा आपटायचे, आणि रात्री दोनला याचा फोन वाजायचा. त्याने झोपेची सोय केली. खरं तर २०२१ पासून लॅम्डाला ‘यातले एवढेच फसले’ अशी यादी परत देता येते, बाकीचे सुखरूप पुसले जातात. तेवढं वाचायला त्याला कुणी अर्धा दिवस दिला नसेल.

मग इंजिनकडून जुने मेसेज मागवून आमच्या साठ्याशी ताडून पाहिले. गळालेल्यांत काही ‘इतक्यापेक्षा कमी’ छापाचे निरुपद्रवी निकाल होते. पण बरेचसे ‘हाय’ आणि ‘लो’. साधी ११० साखर कधीच हरवली नव्हती. जी माणसं मशीनच्या मापाबाहेर गेली होती, नेमके त्यांचेच निकाल आमच्या कोडच्याही मापाबाहेर जात होते. तो तक्ता पाहिल्यापासून मला ‘एरर रेट’ हा शब्दच पोकळ वाटायला लागलाय. टक्केवारीत ही गळती दिसलीही नसती.

आर्किटेक्ट म्हणाले, सोपं आहे, ‘हाय’ आलं की मिडलवेअरमध्येच ६०० लिहून टाका. यावर आमचं चांगलंच वाजलं. ६०० लिहिलं की आलेखावर मोजलेला बिंदू उमटणार. पुढचं रीडिंग ५९० आलं तर डॉक्टरांना वाटेल साखर जेमतेम दहाने उतरली, प्रत्यक्षात ती ८०० वरून आली असेल. शिवाय सगळ्या मीटरांची मर्यादा ६०० नसते, काहींची ५०० असते. एफएचआयआरमध्ये आकड्याशेजारी ‘पेक्षा जास्त’ हे चिन्ह ठेवायची रीतसर जागा आहे, ती वापरायची. कुठल्या वॉर्डात कुठलं मीटर, याची यादी हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागात कपाटाच्या दारावर चिकटवलेली निघाली. विद्यापीठ चौकातल्या ट्रॅफिकमधून जाऊन मी तिचा फोटो काढून आणला. आणि हा अनुवाद फंक्शनमध्येच ठेवला. मिडलवेअरने औषधपाण्यात पडू नये, फसलेल्या मेसेजचं पुढे काय करायचं तेवढं ठरवावं.

ते ठरवायला मी एफएचआयआरच्याच चुकांची वर्गवारी घेतली. ‘ट्रान्झियंट’ असेल, म्हणजे डेटाबेस थकला किंवा वेळ संपली, तर रांगेत परत. ‘इनव्हॅलिड’ असेल तर पुन्हा चालवून काय मिळणार? तो थेट फसलेल्या मेसेजांच्या बाजूच्या रांगेत, डीएलक्यूत, आणि माणसाला निरोप. तिथेही एक खाच आहे. साध्या रांगेतून डीएलक्यूत गेलेल्या मेसेजचं वय मूळ रांगेत शिरल्यापासून मोजलं जातं. दोन्हीकडे मेसेज साठवायचं चार दिवसांचं डिफॉल्ट ठेवलं आणि मेसेजने तीन दिवस आधीच काढले असले, तर डीएलक्यूत त्याला एकच दिवस मिळतो. आमची डीएलक्यू आता कमाल मर्यादेवर, १४ दिवसांवर आहे.

निरोप कुठल्या माणसाला, यावर मात्र घोडं अडलंय. रात्री दोनला मला कळवून मी काय करणार, पेशंट माझ्यासमोर नाही. आयटी म्हणतं लॅबला कळवा. लॅब म्हणते वॉर्डातली मीटरं आमच्या अखत्यारीत नाहीत. नर्सिंग म्हणतं आमच्याकडे आधीच फार अलार्म वाजतात, आणि ते खोटं नाही. सध्या मेल बायोमेडिकलला जातो. ते दिवसा असतात.

माझ्या अहवालानंतर मेमो मागे घेतला, असं आयटीवाल्यांनी तोंडी सांगितलं. लेखी मागितलं, अजून आलेलं नाही. अहवालाच्या मीटिंगला त्या सिस्टरही होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, “मॅडम, मी साखर तपासलीच नाही तरी पडद्यावर कोरं, आणि तपासून तुमच्याकडे अडकली तरी कोरं. मग बघणाऱ्याला कळायचं कसं?”

उत्तर स्टँडर्डमध्ये आहे. मूल्य का नाही हे सांगायला एफएचआयआरमध्ये स्वतंत्र घटक आहे, त्यात ‘तपासणी केली नाही’ आणि ‘एरर’ असे वेगळे कोडही आहेत. मी त्याच संध्याकाळी तिकीट टाकलं. प्रॉडक्टवाल्यांनी त्यावर ‘पडद्याच्या दिसण्यातली सुधारणा’ असा शेरा मारून ते पुढच्या तिमाहीत ढकललंय. मी रोज सकाळी त्याचं प्राधान्य वर करते, ते रोज दुपारी खाली करतात.