मेलेल्या काकांनी दार उघडलं

मी गोव्यातल्या फोंड्यात वेबसाइट करून देते. दोन शाळा, काही होमस्टे, एक देवस्थान आणि एक धार्मिक मंडळ. कुठलं ते विचारू नका, नाव घेतलं की लोक लगेच बाजू ठरवून मोकळे होतात. एवढंच सांगते की त्यांची माणसं जोडीने घरी येतात, हळू आवाजात बोलतात, पुस्तिका देतात आणि चहा सुद्धा न घेता जातात. आधी न बोलावता जायचे, लोक दारातूनच परत पाठवायचे, म्हणून त्यांच्या सरांनी साइटवर फॉर्म मागितला, ज्याला भेट हवी त्याने भरायचा. नाव, फोन, पत्ता, भाषा, सोयीची वेळ, आणि खाली मनातलं दोन ओळी लिहायला जागा.

फोनवर ओटीपी पाठवायचं ठरलं होतं. पण एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या, म्हणजे टेलिकॉमच्या नियामकाच्या, नियमाने डीएलटी नावाच्या पोर्टलवर आधी संस्थेची नोंदणी, मग हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याचं नाव, मग मेसेजचा मजकूर सुद्धा मंजूर करून घ्यायचा, कागद पाठवा, रिजेक्ट झाला की परत पाठवा. सर म्हणाले म्हाताऱ्या माणसांना ओटीपी जमत नाय गो, राहू दे. मी म्हटलं बरं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच झालं. कॅप्चा टाकला आणि बिल लावलं. कॅप्चा रोबोटला अडवतो, खुनशी माणसाला काय अडवणार.

23 ऑगस्ट 2025, शनिवार. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, बुधवारी. मी माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या, बाजारात सुपारीच्या घडाचा भाव करत उभी, आणि सरांचा फोन, आवाज थरथरत होता, आत्ताच्या आत्ता ये, आमच्या दोघांना वाड्यावर (गावातल्या वस्तीत) अडवून ठेवलंय.

झालं होतं असं की आदल्या रात्री एक फॉर्म आला. एका घरच्या मुलाच्या नावाने. 'बाबा परवा वारले. आई कोणाशी बोलत नाही. धीर द्यायला या, प्लीज.' त्यांचा नियम आहे की जायच्या आधी फोन करायचा. केला तर स्विच ऑफ. आता ज्या घरात मयत झालंय तिथे फोन बंद असणारच असं त्यांना वाटलं, त्यात चूक तरी काय, आणि सेवा करणाऱ्यातले एक रिटायर्ड मास्तर आणि एक ताई पांढरी फुलं घेऊन निघाले. दार उघडलं ते बाबांनीच, म्हणजे त्या घरच्या काकांनी. बनियन, खांद्यावर पंचा, हातात माटोळी बांधायचा सुंभ. मास्तरांना वाटलं हे मयताचे भाऊ असतील. हात जोडून म्हणाले, तुमचा भाऊ गेला, फार वाईट झालं. काका म्हणाले माझा भाऊ मुंबईला आहे, सकाळीच बोललो त्याच्याशी. मग ताईंनी मोबाइलमधलं नाव वाचून दाखवलं.

काका ओरडले, "कोणें सांगलें हांव मेलां म्हूण?"

आता लिहिताना मला हसू येतं. तेव्हा कोणी हसत नव्हतं. चवथीच्या तोंडावर घरात जिवंत माणसाच्या मयताची फुलं, काकी आत रडायला लागलेल्या, आणि बाहेर शेजारी जमलेले, कोण हे, धर्म बदलायला आले काय, गाडीची चावी काढून घ्या. मी पोचले तेव्हा पंचही येऊन उभे होते. मास्तर तुळशीपाशी उभे, घामाने शर्ट ओला, ताईंच्या हातात अजून ती फुलं, खाली कुठे ठेवावीत हे पण सुचत नव्हतं त्यांना.

मी सगळ्यांना सांगितलं की फॉर्म मी केलाय, यांची चूक नाही. लॅपटॉप सोप्यावर ठेवला, मोबाइलचं नेट लावलं आणि लॉग, म्हणजे कुठला फॉर्म कधी आला त्याची नोंद, उघडला. वेळ 18:42. पंच लगेच म्हणाले पावणेसातला तर सगळे देवळात होते. मग मला आठवलं की सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक वेळेवर आहे, साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे रात्री बारा वाजून बारा मिनिटं. आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मोबाइल डेटाचा. एका आयपीच्या मागे एकाच वेळी शेकडो लोक असतात, नेमकी वेळ आणि पोर्ट नंबर (त्या जोडणीचा क्रमांक) दिला तर कंपनी शोधू शकते, तेही पोलिसांनी मागितलं तरच. आणि पोर्ट नंबर मी साठवतच नव्हते. हे मान खाली घालून सांगावं लागलं.

मग मुलाच्या नावाने आणखी शोधलं तर जूनपासून त्याच घराच्या तीन एंट्री. दोन वेळा भाषा 'इंग्लिश' टाकली होती आणि इंग्लिश बोलणारं कोणी मोकळं नसल्यामुळे कोणी गेलंच नव्हतं. तिसऱ्या वेळी त्याने भाषा बदलली आणि बाबांना मारलं. मुलगा बोटीवर असतो, त्याचं इथलं सिम बंदच असतं, हे माहीत असणारा माणूस लांबचा कसा असेल?

नंतर मला कळलं की बाहेरच्या देशांत मॉर्मन मिशनरी किंवा यहोवाचे साक्षीदार यांच्या साइटवर दुसऱ्याचं नाव भरून त्याच्या घरी माणसं पाठवायची, ही जुनी टवाळी आहे. असेल बापडी. आमच्याकडे आणखी अर्धा तास गेला असता तर मास्तरांना मार पडला असता.

मी काकांना म्हटलं, तक्रार करा, सायबर तक्रारीच्या 1930 ला फोन करा, आयटी अॅक्टचं 66 सी, 66 डी, म्हणजे ओळखचोरी आणि तोतयेगिरीचं कलम, लागू शकतं, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते ऐकतच नव्हते. चष्मा लावून स्क्रीनवरचा पत्ता वाचत होते. एकदा वाचला, परत वाचला. वाड्याचं नाव, गाव, आणि मध्ये सर्व्हे नंबर, पोटहिश्श्यासकट. मी दहा वेळा ती ओळ पाहिली होती, माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पाहुण्याला घरी बोलावताना कोणी सर्व्हे नंबर देतं का?

काकांची मुंडकारीची, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याच्या हक्काची, केस मामलेदाराकडे आहे. मुंडकार कायदा 1975 चा, केस त्याच्यापेक्षा थोडीच लहान, असं तेच म्हणाले. तो नंबर असा लिहिलेला फक्त त्या फायलीत. त्यांनी समोरच्या घराकडे पाहिलं सुद्धा नाही. चष्मा काढला, मला म्हणाले, "चवथ जावंदी, मागीर पळोवया." म्हणजे चवथ होऊ दे, मग बघू. आणि पंचांना सांगून चावी परत द्यायला लावली.

ताईंनी शेवटी फुलं तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. काकींनी ती काठीने ढकलून खाली पाडली. काका मास्तरांना म्हणाले, आलाच आहात तर जरा स्टूल धरा, तो माटोळीचा कोपरा माझ्या हाताला येत नाही. मास्तरांनी धरलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना कोणाच्या घरी चहा घेताना पाहिलं.

फॉर्म मी तिथूनच, सोप्यावर बसून बंद केला. आता तिथे फक्त फोन नंबर आहे. डीएलटीचा अर्ज परत घातलाय, टेम्प्लेट दोनदा रिजेक्ट झाला.