आधी पत्ता वाचा: वायरचे इंटरनेट आणि न उघडणारे राऊटरचे पान

गेल्या गुरुवारी संध्याकाळी सदाशिव पेठेतून काकांचा फोन आला. देखभालीच्या कामासाठी पेठेत दुपारभर वीज नव्हती, आणि ती परत आल्यापासून त्यांच्या संगणकावर इंटरनेट चालत नव्हते. "अगं, दिवे सगळे हिरवे आहेत, वायर मी दोनदा काढून बसवली, तरी नेट नाही. राऊटरचं पानसुद्धा उघडत नाही. मागचं ते बारीक भोक आहे ना, त्यात टाचणी घालून रीसेट करू का?" मी म्हटले, "काका, टाचणी बाजूला ठेवा, कशालाही हात लावू नका. मी अर्ध्या तासात येते."

टाचणीची मला भीती वाटते, कारण गेल्या वर्षी आमच्याच इमारतीत एका घरी ती वापरली गेली आणि त्या घरातल्या मुलीला ऑनलाइन परीक्षा शेजाऱ्यांकडे बसून द्यावी लागली. त्यांच्या जोडणीला पीपीपीओईचे, म्हणजे इंटरनेट कंपनीकडे ओळख पटवण्याचे, युजरनेम आणि पासवर्ड लागत होते. ते राऊटरच्या आत साठवलेले होते आणि रीसेट केल्याबरोबर पुसले गेले. कागदावर ते कुठेही लिहिलेले नव्हते. मूळ बिघाड मात्र निघाला भिंतीतल्या सॉकेटमध्ये, म्हणजे राऊटरशी त्याचा काही संबंधच नव्हता. घरच्या नेटवर्कमध्ये काही बिघडले की माणसे सर्वांत आधी रीसेटकडे वळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण बिघाड कुठे आहे हे संगणक बहुतेक वेळा स्वतःच सांगत असतो. फक्त त्याला मिळालेला आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला त्याचा पत्ता, कुणीतरी वाचायला हवा.

काकांच्या संगणकावर मी कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडला आणि आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली. हे करताना तीन शक्यता मनात ठेवाव्यात. केबलच लागलेली नसेल, किंवा ती पूर्ण तुटलेली असेल, तर मीडिया डिसकनेक्टेड असे लिहून येते, आणि मग पत्त्याचा विचार सोडून केबल, सॉकेट आणि पोर्ट यांच्याकडे वळावे. पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर केबलमधून काही ना काही जोडणी झालेली आहे, पण पत्ता वाटणाऱ्या यंत्राने, म्हणजे राऊटरमधल्या डीएचसीपी सर्व्हरने, उत्तर दिलेले नाही; वाट पाहून संगणकाने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतलेला आहे. तिसरी शक्यता म्हणजे पत्ता नीट मिळालेला आहे, आणि तेव्हा पाहायचे ते इतकेच की तो योग्य यंत्राकडून मिळाला आहे का. ही तिसरी शक्यता सर्वांत फसवी असते, कारण वरवर पाहता काहीच चुकलेले दिसत नाही.

काकांच्या पडद्यावर पत्ता होता १९२.१६८.०.१०३ आणि डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जाण्यासाठी संगणक ज्या यंत्राकडे वळतो त्याचा पत्ता, होता १९२.१६८.०.१. भिंतीवरच्या फायबरच्या डब्याखाली, म्हणजे कंपनीच्या मूळ राऊटरखाली, चिकटवलेल्या लेबलवर मात्र १९२.१६८.१.१ असे छापलेले होते. तिसऱ्या आकड्यातला हा ०चा आणि १चा फरक पाहिला आणि मी विचारले, "काका, घरात दुसरा राऊटर आणलात का?"

आणला होता. वाड्याच्या जाड भिंतींमुळे आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नव्हते, म्हणून आठ दिवसांपूर्वी त्यांनी तपकीर गल्लीतून एक राऊटर आणला आणि फायबरच्या डब्यापासून केबल ओढून त्याला जोडला. मागे चार पिवळी भोके आणि एक निळे भोक होते. डब्याकडून येणारी केबल त्यांनी पिवळ्यात, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या लॅन पोर्टमध्ये घातली होती. निळे भोक, म्हणजे बाहेरच्या जोडणीसाठीचे वॅन पोर्ट, रिकामे होते. "चालत होतं की आठ दिवस," काका म्हणाले, आणि ते खरेच होते. फोनवर मध्येच नेट जात होते, पण तो त्रास त्यांनी वायफायच्या नावावर घातला होता. संगणक मात्र व्यवस्थित चालत होता.

हे असे का झाले हे समजून घेण्यासारखे आहे. लॅन पोर्टमधून जोडल्यामुळे घरात एकाच तारेवर पत्ते वाटणारी दोन यंत्रे झाली होती. ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता मागणाऱ्याला मिळतो. काकांच्या संगणकाकडे आधीपासून जुन्या डब्याचा पत्ता होता, आणि मिळालेल्या पत्त्याची मुदत वाढवून घेताना संगणक ज्याने पत्ता दिला त्यालाच पुन्हा विचारतो, म्हणून आठ दिवस त्याचे काही बिघडले नाही. गुरुवारी वीज गेली आणि सगळी यंत्रे एकदमच बंद झाली. वीज आली तेव्हा नवा राऊटर लवकर सुरू झाला, फायबरच्या डब्याला वेळ लागला, आणि त्या मधल्या वेळात संगणकाने पत्ता मागितला तो नव्या राऊटरने दिला. नव्या राऊटरचे वॅन पोर्ट रिकामे असल्याने त्याला बाहेरचा रस्ताच नव्हता. संगणक सगळी पत्रे अशा पोस्टमनच्या हातात देत होता ज्याला गल्लीच्या बाहेर जाता येत नव्हते. डब्याचे पान उघडत नव्हते तेही याच कारणाने: १९२.१६८.१.१ हा पत्ता संगणकाच्या दृष्टीने परगावचा होता.

दुरुस्तीला वीस मिनिटे लागली, आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे. डबा आणि नवा राऊटर यांच्यामधली केबल आधी काढली. संगणक फक्त नव्या राऊटरला जोडून त्याचे पान १९२.१६८.०.१ वर उघडले आणि त्याचा लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ केला. डबा पत्ते १००च्या पुढचे वाटत होता, म्हणून २ हा आकडा मोकळा होता. तुमच्याकडे तो मोकळा आहे का ते आधी पाहावे. राऊटर पुन्हा सुरू झाल्यावर नव्या पत्त्यावर त्याचे पान उघडून डीएचसीपी बंद केले आणि मगच केबल परत पिवळ्या भोकात लावली. आधी डीएचसीपी बंद केले असते तर संगणकाला पत्ताच मिळाला नसता आणि उरलेला बदल करण्यासाठी हाताने पत्ता भरावा लागला असता. अलीकडच्या बऱ्याच राऊटरमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असतो आणि तो निवडला की हे सगळे आपोआप होते. काकांच्या राऊटरमध्ये तो नव्हता.

केबल निळ्या भोकात घालूनही काम भागते, पण त्यात एकामागे एक दोन राऊटर पत्ते बदलत बसतात, आणि दोन्ही यंत्रांचा मूळचा पत्ता १९२.१६८.१.१ असला तर नव्या राऊटरला आतले कुठले आणि बाहेरचे कुठले हे कळेनासे होते. त्यामुळे घरात फक्त वायफायची पोच वाढवायची असेल तर मी नेहमी पहिलीच पद्धत सुचवते.

राऊटरचे पान न उघडण्याची इतर कारणे याहून साधी असतात. पत्त्याच्या जागी आकडे टाइप केल्यावर ब्राउझर कधी कधी त्यांचा शोध घ्यायला जातो. आकड्यांच्या आधी एचटीटीपी, अपूर्णविराम आणि दोन तिरप्या रेघा लिहिल्या की सरळ पान येते. फोनवरून उघडत असाल तर मोबाइल डेटा बंद करावा, कारण वायफायवर इंटरनेट नाही असे दिसले की फोन गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो आणि घरातला पत्ता बाहेर शोधतो. कार्यालयाच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारा खासगी मार्ग, चालू असेल तर तेही बंद करून पाहावे. एखाद्या लॅपटॉपमध्ये पूर्वी कुणी हाताने भरलेला पत्ता तसाच राहिलेला असतो, तोही बदलून आपोआप पत्ता घेण्याची निवड करावी. पासवर्ड बहुधा यंत्राखालच्या लेबलवर छापलेला असतो. लेबलवरचा पासवर्ड चालत नसेल तर तो कुणीतरी बदललेला आहे, आणि तो कुणी बदलला हे घरातल्या प्रत्येकाला विचारून झाल्याशिवाय टाचणी हातात घेऊ नये. पान उघडले की पहिले काम म्हणजे वॅनच्या सेटिंगचा फोटो काढून ठेवणे.

पत्ता योग्य आहे, पान उघडते, तरी इंटरनेट नाही, अशा वेळी मी पिंग वापरते, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा. आधी गेटवेला, मग ८.८.८.८ला, म्हणजे गूगलच्या एका सार्वजनिक सर्व्हरला, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. गेटवे उत्तर देतो आणि ८.८.८.८ देत नाही, तर अडचण राऊटरच्या पलीकडे किंवा त्याच्या वॅनच्या जोडणीत आहे. फायबरच्या डब्यावर एलओएसचा दिवा लाल दिसत असेल तर प्रकाशच पोहोचत नाही, आणि कंपनीला फोन करण्यावाचून इलाज नाही. आकड्यांना उत्तर येते पण नावाला येत नाही, तर फक्त डीएनएस, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणारा सर्व्हर, बदलायचा असतो.

आता माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण तिथे पत्ताही बरोबर होता आणि गेटवेही. आमचे घर कोथरूडला आहे, माझे काम घरून चालते आणि जोडणी २०० एमबीपीएसची आहे. पावसाळ्यानंतर केव्हातरी वेग मोजला तर ९४ आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ९४. तिसऱ्या दिवशी ९५. वायफायवर मात्र १८०च्या पुढे. वायरवरचा वेग सतत ९४-९५ला अडकून बसला तर बाहेरच्या कंपनीला दोष देण्याआधी आपली केबल पाहावी, कारण १०० एमबीपीएसच्या जोडणीवर माहिती ज्या पाकिटांतून जाते त्यांच्या वेष्टनाचा खर्च वजा जाता साधारण तेवढेच हाती लागते. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे केबलच्या दोन टोकांच्या यंत्रांनी आपसात ठरवलेला वेग, पाहिला तर १०००च्या जागी १०० होता.

इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएससाठी त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, प्लगमधल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या जागा. एक हजारासाठी चारही जोड्या लागतात. उरलेल्या चार तारांपैकी एक जरी तुटली तरी बहुतेक यंत्रे मुकाट्याने १००वर उतरतात. दिवा हिरवाच राहतो, पाने उघडत राहतात, आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. अर्थात दोन्ही टोकांची पोर्ट एक हजाराची आहेत ना, हे आधी तपासावे, कारण काही स्वस्त डब्यांची आणि स्विचची पोर्ट मुळातच १००ची असतात.

मी लॅपटॉप राऊटरपाशी नेला आणि हातभर लांबीच्या नव्या केबलने जोडला. १००० दिसले. म्हणजे यंत्रे ठीक होती आणि दोष दिवाणखान्यातून बाल्कनीमार्गे माझ्या खोलीत येणाऱ्या लांब केबलमध्ये होता. खोलीतल्या सॉकेटची चौकट स्क्रू काढून पुढे ओढली. आतल्या तारा टी५६८बी या ठरलेल्या रंगक्रमाने बसवलेल्या होत्या: पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. सात तारा जागच्या जागी होत्या. आठवी, तपकिरी, आपल्या खाचेत दिसत होती, पण नखाने हलकेच उचलली तर तिच्यासोबत काहीच आले नाही. प्लास्टिकच्या आत धातू तुटलेला होता आणि टोकाशी पांढुरकी भुकटी जमली होती. ती तार तांब्याची नव्हतीच. कापून पाहिले तर आत रुपेरी रंग दिसला, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा. अशी केबल स्वस्त मिळते, पण वाकवली की लवकर तुटते आणि ओल लागली की टोकाशी झिजते. इमारतीत तारा ओढून देणाऱ्याने ती कुठून आणली होती हे आता कळायला मार्ग नाही, पण नवी केबल घेताना मी दुकानातच टोक सोलून, पात्याने खरवडून आतपर्यंत लाल आहे का ते पाहिले.

बाल्कनीतल्या तुकड्याची अवस्था आणखी वाईट होती. घरात वापरायची राखाडी केबल लोखंडी जाळीला बांधून उन्हात ठेवलेली. एप्रिल-मेच्या उन्हाने तिचे वरचे आवरण तडकले होते आणि तड्यांतून पावसाचे पाणी आत गेले होते. नवी शुद्ध तांब्याची कॅट ६ केबल मी अखंड ओढली, बाहेरचा भाग पीव्हीसीच्या पाइपातून नेला, आणि दोन्ही टोके पंचिंग टूलने, म्हणजे तारा खाचेत दाबून बसवण्याच्या हत्याराने, नव्या सॉकेटमध्ये बसवली. जोड्यांचा पीळ सॉकेटच्या अगदी जवळपर्यंत ठेवला, कारण पीळ जितका उलगडेल तितका एका जोडीतला संदेश दुसरीत शिरतो. लिंक स्पीड १००० आला आणि वेग १९६.

एक गोष्ट पहिल्या वेळी माझ्याकडून राहिली होती. केबल भिंतीच्या भोकातून सरळ आत घेतली होती, त्यामुळे परवाच्या पावसात पाणी पाइपवरून ओघळत त्या भोकाशी आले. आता भोकाच्या आधी केबलला बाहेरच वीतभर खाली झोक दिला आहे, म्हणजे पाणी त्या खालच्या वळणावरून गळून पडते आणि केबल पुन्हा वर चढून आत येते.