यकृताच्या पूरक गोळीची चाचणी : माझा अनुभव

दारूमुळे सिरॉसिस (यकृत व्रणांनी कठीण होणे) झाल्याचे निदान झाले आणि माझी दारू कायमची सुटली. त्यानंतर काही काळाने, उपचार सुरू होते त्याच रुग्णालयात, एस-ॲडेनोसिल मेथिओनिन या पूरक गोळीच्या चाचणीत भाग घेणार का, असे मला विचारण्यात आले. हा पदार्थ यकृत एरवी स्वतःच तयार करते. दारूने ते काम मंदावते आणि पेशींना जपणारे ग्लुटाथिओनही कमी पडते. म्हणून तो बाहेरून दिल्यास फायदा होतो का, हे पाहायचे होते.

संमतिपत्र घरी आणून मी आणि पत्नीने सावकाश वाचले. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येईल, तिच्यामुळे अपाय झाल्यास उपचार व भरपाई मिळेल, हे ठीक होते. पण मिळणारी गोळी खरी की नुसती दिसायला तशी, हे मलाच नव्हे तर डॉक्टरांनाही कळणार नाही, ही अट तिला पटेना. "आजारी माणसाला खोटी गोळी द्यायचीच कशाला?" असे तिने डॉक्टरांना सरळ विचारले. दारू सोडली की पुष्कळ जणांचे एसजीओटी आणि बिलिरुबिन, म्हणजे यकृत बिघडले की रक्तात वाढणारे घटक, आपोआप उतरतात, त्यामुळे तुलनेला दुसरा गट नसेल तर त्याचे श्रेय विनाकारण गोळीला जाते, असे त्यांनी समजावले. स्पेनमध्ये १२३ रुग्णांवर दोन वर्षे चाललेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या औषधाने आशा दाखवली होती. पुढे कॅलिफोर्नियातील ३७ रुग्णांच्या २४ आठवड्यांच्या चाचणीत (२०११) दोन्ही गट सारखेच सुधारले. हे ऐकल्यावर पत्नीची हरकत उरली नाही.

निवडीसाठी रक्ततपासण्या, सोनोग्राफी आणि यकृताचा कठीणपणा मोजणारे फायब्रोस्कॅन झाले, त्यात विशेष काही नाही. खरी अडचण घरच्या भुईआवळ्याच्या काढ्याची झाली. चाचणी संपेपर्यंत काढे आणि लिव्हर टॉनिक पूर्ण बंद, असा नियम होता आणि काढा करून देणाऱ्या आईला तो समजावणे संमतिपत्रापेक्षा अवघड गेले.

गोळी उपाशीपोटी, न तोडता, न चावता घ्यायची. दमट हवेत ती खराब होते, म्हणून ऐन वेळेपर्यंत पट्टीतून काढायची नाही. "काका, रिकाम्या पट्ट्या टाकू नका हं," असे समन्वयक ताई दर खेपेला बजावत आणि उरलेल्या गोळ्या माझ्यासमोर ट्रेमध्ये मोजून वहीतील नोंदीशी ताडून पाहत. लघवीचीही तपासणी होई. दोन-तीन दिवसांपूर्वी घेतलेली दारूसुद्धा तीत कळते. पहिल्यांदा मला हा अविश्वास वाटला, पण चोरून पिणारा एक जण सगळ्या आकड्यांचा अर्थ बिघडवू शकतो, हे उघड आहे.

शेवटच्या तपासणीत माझे बिलिरुबिन बरेच उतरलेले होते. नातेवाईक गोळीचे नाव विचारू लागले, तेव्हा मी ते सांगायचे टाळले. सर्व सहभागींच्या नोंदी पूर्ण होईपर्यंत कोणाला कोणती गोळी मिळाली हे सांगणारे संकेतांक उघडणार नाहीत आणि मी काय घेत होतो, हे मलाच ठाऊक नाही. यकृताच्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी दर सहा महिन्यांनी करायची सोनोग्राफी मात्र चालूच आहे. तिचा या चाचणीशी संबंध नाही.