दरवाढीच्या आदल्या दिवशी

दूध संघाचं दरवाढीचं परिपत्रक आलं की गावात दिवाळी असते आणि आमच्या ऑफिसात शिमगा. आम्ही गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. शेतकरी सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन रांगेत उभा राहतो, दूध मोजलं जातं, मशीन फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दाखवतं, आमचं सॉफ्टवेअर ते दूध सभासदाच्या कोडवर चढवून, दर लावून चिठ्ठी छापतं. दर दहा दिवसांनी बिल. तिथं मी प्रॉडक्ट मॅनेजर आहे. म्हणजे नक्की काय, हे आईला समजावायचा नाद मी सोडला. 'दुधाच्या कॉम्प्युटरवाल्यांकडं असते' एवढ्यावर आमच्या घरी भागतं.

त्या दिवशी परिपत्रक जेवणाच्या सुट्टीत व्हॉट्सॲपवर आलं. तिरकं स्कॅन, खाली अर्धवट उठलेला शिक्का. 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफच्या म्हशीच्या दुधाला वाढ, 3.5 आणि 8.5 च्या गाईच्या दुधाचा दर आहे तोच. अंमल दुसऱ्या दिवशी सकाळपासून, म्हणजे 16 तारखेपासून. 11 ते 20 चं बिल मधोमध चिरलं गेलं.

पूर्वी अशा दिवशी माझी दुपार टायपिंगमध्ये जायची. डेव्हलपरसाठी नियम, टेस्टरसाठी तपासायचे प्रसंग, दूध संस्थांच्या सचिवांसाठी मेसेज आणि सपोर्टच्या मुलींसाठी प्रश्नोत्तरं. मजकूर एकच, वाचणारे चार. आता कंपनीनं एआय असिस्टंट दिलाय. तो आमच्या मेलमध्ये, कागदपत्रांत आणि तक्रारींच्या तिकिटांत शोधू शकतो, आणि असलं लिखाण तो झटक्यात करतो.

पण मी त्याला आधी लिहायला सांगत नाही. त्या दिवशीही परिपत्रक दिलं, मागच्या दरवाढीची कागदपत्रं दाखवली आणि लिहिलं, 'या बदलासाठी ज्यांची उत्तरं परिपत्रकात नाहीत असे प्रश्न काढ. उत्तरं तू देऊ नकोस.' शेवटचं वाक्य महत्त्वाचं. या गड्याला रिकामी जागा सोसत नाही. आमच्याच एका दुसऱ्या टीमच्या कागदात त्यानं परस्पर घातलं होतं की, मशीननं फॅट दिलं नाही तर मागच्या सात दिवसांची सरासरी धरावी. वाचायला किती शहाणपणाचं! डेव्हलपरनं तो कागद न वाचता आपल्या असिस्टंटकडून सारांश काढला, सारांशावरून कोड लिहिला. टेस्टिंगला बसलेल्या आमच्या जुन्या बाईंनी विचारलं, "हे कुणी ठरवलं?" कुणीच नाही. शेतकऱ्याच्या पैशाचा नियम कुणीही न ठरवता गावात जायला निघाला होता.

यादी आली. काही प्रश्न खरोखर कामाचे होते. एकाच बिलात दोन दर कसे दाखवायचे? 14 तारखेची नोंद 17 ला दुरुस्त केली तर दर कुठला? (जुनाच. दुधाची तारीख बघायची, दुरुस्तीची नाही.) ज्या केंद्रात रात्रभर नेट नसेल तिथं सकाळी जुना दर चालेल, मग फरक कसा द्यायचा? हा शेवटचा माझ्या डोक्यात संध्याकाळपर्यंत तरी आला नसता. बाकी बराच कोंडाही होता. एक प्रश्न चक्क परकीय चलनाचा होता. भुदरगड तालुक्यात डॉलरवर दूध घालणारं मला अजून तरी कुणी भेटलेलं नाही.

संघाकडून आणि आमच्या हिशेबनिसांकडून उत्तरं घेतली, मग चारही कागद त्याच्याकडून करून घेतले. आकडे मात्र स्वतः परिपत्रकाशी ताडले, कारण तिरक्या स्कॅनमधला 3 आणि 8 त्यानं एकदा सरमिसळ केला होता. तरी चहाच्या आत काम आटोपलं. हातात मोकळा वेळ होता म्हणून सचिवांना फोन लावत बसले.

राधानगरीकडचे एक सचिव आहेत, मी त्यांना तात्या म्हणते. मी दराचं सांगायला लागले तर त्यांनी मधेच तोडलं.

"दराचं तुमचं तुमी बघा वो ताई. उद्या नवीन माणसं येत्यात त्याचं काय?"

"कुठली नवीन?"

"खासगीला घालणारी. दर वाढला की हिकडं येत्यात. म्हातारी किटली घिऊन हुबी, आणि तुमचं सॉफ्टवेअर आधार मागतंय, पासबुक मागतंय, फोटो मागतंय. मागं रांग बोंबलाय लागली."

"मग काय करता?"

"काय करतोय! बायकोच्या कोडवर चढवतोय. वहीत लिवून ठेवतोय. मग सवडीनं दुरुस्ती."

मी फोन ठेवला आणि असिस्टंटला मागच्या दरवाढींनंतरच्या आठवड्यांतली दुरुस्तीची तिकिटं काढायला लावली. ढीगच निघाला. कारणाच्या रकान्यात जिकडंतिकडं 'चुकून दुसऱ्या नावावर दूध चढले'. काही तिकिटं स्वतः उघडून बघितली, दूध ज्याच्या नावावर वळवायचं तो सभासद नवाच निघाला. आम्ही आजवर याला टायपिंगची चूक समजत होतो. सचिवांसाठी प्रशिक्षणाचा व्हिडिओसुद्धा केला होता, काळजीपूर्वक कोड टाका म्हणून. तिकिटं आधीपासून तिथंच होती, आणि शोधायचं काम त्यानं मिनिटांत केलं. फक्त काय शोधायचं ते तात्यांनी सांगितलं. बायकोच्या कोडची गोष्ट कुठला सचिव तिकिटात लिहील?

नवीन नोंदणीची स्क्रीन एका रात्रीत बदलणं शक्य नव्हतं. डेव्हलपर म्हणाला, "बदलायचं कशाला? प्रत्येक संस्थेत थोडे रिकामे सभासद आधीच तयार करून ठेवूया. तात्पुरता कोड. कागद नंतर जोडतील." हिशेबनीस एका अटीवर तयार झाले, कागद आल्याशिवाय त्या कोडचं बिल निघणार नाही. रात्री दराबरोबर तेही गेलं.

सकाळी सपोर्टचे फोन वाजले, पण ओरड दराच्या चिठ्ठीची नव्हती. नेट नसलेली केंद्रं आम्ही धरली होती तशी मागं राहिली, त्यांना फरक लावला. तात्पुरते कोड बऱ्याच ठिकाणी वापरले गेले. तात्यांच्या संस्थेत ते सहा वाजताच संपले आणि उरलेलं दूध परत वहिनींच्या नावावर चढलं.

महिनाअखेर साहेबांनी तक्ता पाठवला, 'एआयमुळे वाचलेले तास'. असले आकडे मनानं भरायला मी बिचकते. 2025 मध्ये अमेरिकेतल्या एमईटीआर या संस्थेनं 16 अनुभवी प्रोग्रामरांचं काम मोजलं. एआयमुळे आपण 20 टक्के लवकर उरकलं असं त्यांना वाटत होतं, घड्याळात 19 टक्के वेळ जास्त लागला होता. उलट 2023 मध्ये 'सायन्स' मासिकात आलेल्या प्रयोगात लिखाणाच्या कामाचा वेळ 40 टक्क्यांनी घटला होता. मी लिखाणापुढं एक दुपार लिहिली आणि आकडे ताडायला लागलेला वेळ त्यातून वजा केला.

साहेबांना तात्पुरता कोडही त्याच तक्त्यात हवा होता. मी म्हटलं, मग तात्यांच्या फोनला रकाना कुठला? बरीच घासाघीस झाली. शेवटी तात्पुरता कोड 'इतर'मध्ये गेला, आणि मला दर दरवाढीच्या आदल्या दिवशी सचिवांना फोन करायला दुपार मोकळी मिळाली. कॅलेंडरवर ती 'मीटिंग' म्हणून लावली आहे, नाहीतर तिथंही कुणीतरी सारांश मागेल.