माहिती म्हणजे वर पाठवायची ती

चाचणीचे निकाल हाती आल्यावर शिक्षक त्यांचे वर्गात काय करतात, हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. त्यासाठी नाशिक तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या काही शाळांमधून मी एक प्रश्नावली भरून घेतली होती. तिच्यातला एक प्रश्न असा होता: ‘विद्यार्थ्यांच्या संपादणुकीविषयीच्या माहितीच्या आधारे आपण गेल्या महिन्यात अध्यापनात कितीदा बदल केला?’ चार शिक्षकांच्या एका शाळेतून आलेल्या दोन प्रश्नावल्या मी शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा पाचवीच्या तरुण गुरुजींनी ‘दर आठवड्याला’ या पर्यायावर खूण केलेली दिसली आणि चौथीच्या बाईंनी ‘कधीच नाही’वर. निवृत्तीला आलेल्या बाई आणि तंत्रस्नेही गुरुजी, असे सोपे स्पष्टीकरण मनाशी धरूनच मी जानेवारीतल्या एका सकाळी मुलाखतींसाठी निघाले, हे आधी कबूल केलेले बरे.

गिरणाऱ्याच्या नाक्यावर त्या वेळी मजुरांची गर्दी असते. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून आलेली कुटुंबे तिथे उभी राहतात, रोज ठरतो आणि पिकअप भरून द्राक्षबागांकडे जातात. त्यांची मुले आसपासच्या शाळांमध्ये हंगामापुरती बसतात, त्यामुळे हजेरीपटावर दिसणारा वर्ग आणि समोर बसलेला वर्ग यांचा मेळ या दिवसांत क्वचितच लागतो.

गुरुजींनी मोठ्या उत्साहाने भिंतीवरचा तक्ता दाखवला. संकलित चाचणीतील गुणांनुसार प्रत्येक मुलाच्या नावापुढे हिरवी, पिवळी किंवा लाल टिकली होती आणि हाच तक्ता त्यांच्या मोबाइलवरही होता. रोज परिपाठानंतरचा अर्धा तास ते पिवळ्या टिकलीच्या मुलांना वेगळे बसवून शिकवत असत. लाल टिकलीच्या मुलांचे काय, असे मी विचारले. ते क्षणभर थांबले आणि मग प्रामाणिकपणे म्हणाले, “मॅडम, लाल मुलगा अक्षरांवरून शब्दांवर आला तरी शाळेचा टक्का हलत नाही. पिवळा थोडा ढकलला की हलतो. आढावा बैठकीत टक्काच विचारतात.”

त्या वाक्याशी मी बराच वेळ अडले, कारण ते मी आधी वाचलेले होते, फक्त दुसऱ्या देशातले होते. अमेरिकेत २००२ साली अमलात आलेल्या कायद्याने २०१४ पर्यंत सर्व मुले वाचन आणि गणितात प्रवीण व्हावीत असे लक्ष्य घातले होते आणि शाळांचे मूल्यमापन उत्तीर्णांच्या टक्केवारीला बांधले होते. जेनिफर बूहर-जेनिंग्ज यांनी टेक्सासमधील एका प्राथमिक शाळेचा केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात हेच तीन रंग आहेत. काठावरच्या मुलांवर मेहनत आणि तळातल्यांना सोडचिठ्ठी, या वाटणीची तुलना त्यांनी रणांगणावरच्या जखमींच्या वर्गवारीशी केली होती. गुरुजींनी हा अभ्यास पाहिला असण्याचे कारण नाही. टक्का मोजला जातो तिथे तीच युक्ती माणसाला आपोआप सुचत असावी. आपल्याकडे २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पायाभूत चाचणीचा हेतू प्रत्येक मूल कुठे अडले आहे ते कळावे हाच होता. तो हेतू आजही कागदावर आहे. गुरुजींना मी दोष देत नाही, माझ्या प्रश्नावलीनेही त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले होते.

मधल्या सुट्टीनंतर चौथीच्या वर्गात गेले. तिथे भिंतीवर तक्ता नव्हता. टेबलावर एक दोनशे पानी वही होती, तिच्या कडा हाताळून काळ्या पडलेल्या होत्या. बाईंनी ती उघडून माझ्यापुढे सरकवली. प्रत्येक मुलासाठी दोन-दोन पाने ठेवलेली होती आणि त्यांवर गुण नव्हते, मुलांच्या चुका होत्या, जशाच्या तशा उतरवून घेतलेल्या. उदाहरण होते ४०३ वजा १२७. एका मुलीचे उत्तर ३२४ होते, एका मुलाचे २२६. चाचणीचे गुण वर कळवण्यासाठी असलेल्या मोबाइलवरच्या चॅटबॉटवर प्रश्ननिहाय गुण भरताना दोघांच्याही पुढे शून्यच गेले असणार.

“ही प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करते,” बाई म्हणाल्या. “वर काय, खाली काय, तिला फरक पडत नाही. तिला अजून दशक सुटा करणं समजलेलं नाही, म्हणून तिला मी दोन अंकीवर परत नेलंय, काड्यांचे गठ्ठे देऊन. याचं तसं नाही. याला हातचा येतो. एककाला कमी पडलं की घ्यायचं हे ठाऊक आहे, पण शेजारी शून्य दिसलं की तो त्याला ओलांडून थेट शतकातून उचलतो आणि एककाला देतो. मग दशकाच्या घरात शून्यातून दोन जात नाहीत, तर नुसते दोन लिहून मोकळा.”

मी कागदावर आकडेमोड करून पाहिली आणि २२६ नेमके तसेच येत होते.

मुलगा बागेतल्या मजुराचा होता. बाईंनी त्याला बोलावून खोट्या नोटा दिल्या, शंभराच्या चार आणि सुटे तीन रुपये, आणि दुकानदाराला एकशे सत्तावीस द्यायला सांगितले. त्याने नोटांकडे पाहिले आणि म्हणाला, “मोड लागंल.” शंभराच्या एका नोटेच्या त्याने दहाच्या दहा नोटा मागून घेतल्या, मग त्यांतल्या एकीचे दहा रुपये सुटे केले आणि एकशे सत्तावीस मोजून दिले. हातात राहिले दोनशे शहात्तर. नंतर वहीत तेच गणित मांडताना त्याने शून्यावर आधी १० लिहिले, पेन्सिल टेकवून थोडा थांबला आणि १० खोडून ९ केले. बाईंनी त्याच्या पानावर तारीख घातली आणि लिहिले, ‘मोडीने जमले. उद्या नोटा न देता.’

एवढे सगळे पाहिल्यावर मी त्यांची प्रश्नावली पिशवीतून काढली आणि ‘कधीच नाही’वरची खूण त्यांना दाखवली. तुम्ही तर रोज हेच करता, मग असे का लिहिले, असे विचारले.

त्यांनी चष्मा लावून प्रश्न पुन्हा वाचला. “तुम्ही माहितीबद्दल विचारलं होतं ना?” त्या म्हणाल्या. “माहिती म्हणजे वर पाठवायची ती. तिचा वर्गात काय उपयोग? ही तर माझी वही आहे.”

शाळांच्या भाषेत ‘माहिती’ हा शब्द कसा वापरला जातो हे मला ठाऊक नव्हते असे नाही. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाच्या, व्हॉट्सअॅप गटावर दिवसातून दोनदा ‘अत्यंत तातडीचे’ असे येते आणि आज चारपर्यंत माहिती सादर करावी असे बजावले जाते. माहिती मागवली जाते, भरली जाते, पाठवली जाते. ती वर्गात वापरली जाते, असे वाक्य मी तरी कुठल्याही स्टाफरूममध्ये ऐकलेले नाही. तरीही प्रश्नावली लिहिताना मी तोच शब्द उचलला, तो परिभाषेत बसतो म्हणून. शिवाय प्रश्नावली ज्यांच्याकडून तपासून घेतली ते आम्ही सगळे विद्यापीठातले होतो.

त्या रात्री मी प्रश्न नव्याने लिहिला: ‘मुलांच्या वहीत किंवा पेपरात दिसलेली एखादी चूक पाहून तुम्ही गेल्या महिन्यात शिकवण्यात काय बदललेत? एक प्रसंग लिहा.’ आता त्याच शाळांमध्ये पुन्हा फिरावे लागणार आहे आणि मार्गदर्शकांना मुदतवाढीचा अर्ज द्यावा लागणार आहे. बाईंचे मूळ उत्तर मात्र मी बदललेले नाही, कारण आलेल्या उत्तरात संशोधकाने हात घालायचा नसतो. संगणकातल्या तक्त्यात त्यांच्यापुढे अजून शून्यच आहे. त्यांच्या प्रश्नावलीच्या समासात मी पेन्सिलीने तारीख घातली आणि खाली लिहिले, ‘वही पाहिली.’