चिखलगाळ काढणारी कविता

मुंबईत पाणी तुंबले की कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ या कवितेच्या शेवटच्या ओळी हमखास मोबाइलवर फिरू लागतात. दहावीच्या निरोप समारंभापासून सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या सत्कारापर्यंत त्या कुठेही चालतात आणि टाळी घेतात; मात्र त्या टाळीच्या गडबडीत कवितेचा मधला भाग, माझ्या मते तिचा खरा ऐवज, मागे राहून जातो. पुरात घर गमावलेला विद्यार्थी सरांकडे येतो, बायको तेवढी वाचली असे सांगतो आणि मग पडकी भिंत बांधतो आहे, चिखलगाळ काढतो आहे, असे आपले चालू कामही सांगून टाकतो. संकटावर मात वगैरे अजून काहीच झालेले नाही. ते अर्धे काम टाकून तो घटकाभर आला आहे, तो केवळ एकटेपणा वाटला म्हणून.

हा गाळ काय असतो, हे मुंबईकराला वेगळे सांगावे लागत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठी नदी कुर्ला-कलिन्याच्या तळमजल्यांत शिरली. पाणी ओसरल्यावर उरणारा काळा, वास मारणारा थर डब्यांच्या झाकणांच्या आट्यांत बसतो, कपाटाच्या खणात फुगलेल्या पुस्तकांना चिकटतो, आणि खराट्याने लोटून फरशी धुतली तरी वाळल्यावर कोपऱ्याकोपऱ्यांतून पुन्हा राखाडी पूड वर येते. अशा वेळी लढाईच्या आवेशापेक्षा बादली आणि जुनी चादर अधिक उपयोगी पडते, आणि ‘कणा’तल्या विद्यार्थ्याला ते पुरते ठाऊक आहे.

केशवसुतांनी १८९३ मध्ये फुंकलेल्या ‘तुतारी’चा आवेश खोटा होता, असे मला मुळीच म्हणायचे नाही, समाजाला जागे करायला तो हवाच होता. पण घरात शिरलेल्या संकटाशी बहिणाबाई चौधरींची जवळीक अधिक. त्यांच्या गाण्यात आधी हाताला चटके बसतात आणि मगच भाकर मिळते. उद्या चटके बसणार नाहीत, असा दिलासा त्या देत नाहीत. चूल रोज पेटते, हे त्या जाणून होत्या. अक्षरओळख नसलेल्या या बाईची गाणी १९५२ मध्ये, तिच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आली.

नारायण सुर्वे तर याच शहराचे. जन्मतःच टाकून दिलेले हे मूल एका गिरणी कामगाराने वाढवले. पुढे ते शाळेत शिपाई आणि नंतर शिक्षक झाले. त्यांच्या ‘दोन दिवस’ या कवितेत विजयाची घोषणा नाही, आयुष्याचा हिशोब आहे : दोन दिवस वाट पाहण्यात गेले, दोन दुःखात गेले. दारिद्र्याकडे गहाण राहिलेले हात कधी उंचावलेले दिसतात, तर कधी कलम झालेले, आणि दोन्ही नोंदी एकाच ओळीत, एकाच आवाजात येतात. दुःख कसे पेलावे हे शिकल्याचे कवी सांगतो, पण ते दुःख संपले असे कुठेही म्हणत नाही. सत्कार समारंभात ही कविता मी फारशी ऐकलेली नाही. टाळी नेमकी कुठे वाजवायची, हे श्रोत्यांना तिच्यात सापडत नसावे.