भाऊ, कितीवर चालवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मशीन जोडून घ्यायला येणारी पोरं विचारतात, लग्नाचे व्हिडिओ करणारे मित्र विचारतात, नागपूरचा मावसभाऊ तर दर दिवाळीला विचारतो: "भाऊ, नुसत्या हवेवर कितीवर चालवता? साडेचार जाते का?" म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, मूळ वेगाच्या वर, पाण्याविना नुसत्या पंख्यावर थंड ठेवत किती गिगाहर्ट्झवर चालवता. मी आकडा सांगत नाही. मग काहींना वाटतं मी भाव खातो, काहींना वाटतं याला जमलंच नसेल. जमलं होतं. व्यवस्थित जमलं होतं, आणि आकडा न सांगण्याचं कारण तेच आहे.

इंटेलचा आय५ २५००के प्रोसेसर. जानेवारी २०१२ मध्ये मी तो ४.६ गिगाहर्ट्झवर नेला. वर हायपर २१२ हा हीटसिंक, चार हीटपाइपांचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्यांचा), पुढे एक १२० मिलिमीटरचा पंखा. पाणी नाही, पंप नाही. त्या चिपचं झाकण आत डाखाने जोडलेलं होतं, त्यामुळे उष्णता चटकन वर यायची. पुढच्या पिढीच्या ३५७०के मध्ये डाखाऐवजी उष्णता वाहणारी पेस्ट आली आणि तशी मजा पुन्हा आली नाही. त्या हीटसिंकचा तळ सपाट नसतो, नळ्या थेट चिपला टेकतात आणि दोन नळ्यांमध्ये बारीक चर राहते. मी ती चर आधी जुन्या रिचार्ज कार्डाच्या कडेने पेस्ट दाबून भरून घेतली, पुसली, मग प्रत्येक नळीवर एक बारीक रेघ ओढली. दोनदा बसवून, उचलून, पेस्ट कशी पसरली ते पाहिलं. तिसऱ्यांदा समाधान झालं. ही कामं मी मन लावून केली होती, हे आधी नोंदवून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर लोक पहिली शंका पेस्टवरच घेतात.

"एवढा खटाटोप कशासाठी, गेमसाठी?" असंही विचारतात, आणि याचा मला राग येतो. मी आर्वीला राहायचो, लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग हे माझं पोट होतं, आणि लाईन दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नव्हता. एका लग्नाचं रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाईल बनवणं, मूळ वेगावर सहा तास चालायचं. इन्व्हर्टर कॉम्प्युटरला दोन तासांच्या आत सोडून द्यायचा. सहा तास सलग लाईन म्हणजे नशीब. ४.६ वर तेच काम साडेचार तासांत व्हायचं. दोन भारनियमनांच्या मधल्या फटीत एक लग्न बसायचं की नाही, एवढाच प्रश्न होता. ती हौस नव्हती.

हौसही होती. रात्री एकट्याने व्होल्टेज एकेक पायरी खाली आणून पाहण्यात जी गोडी होती ती मी नाकारणार नाही.

हिशेब मला तेव्हाही येत होता. चारही कोअर चालू असताना ती चिप मुळात ३.४ वर धावायची. ४.६ म्हणजे वेग ३५ टक्के जास्त. पण वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२० चं १.३६ केलं की वेगासकट गुणाकार पावणेदोनपटीच्या आसपास जातो. ती सगळी वीज उष्णता होऊन पत्र्याच्या पात्यांत येते, आणि पंखा खोलीत असेल तीच हवा त्यातून फिरवतो. हीटसिंक चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. जानेवारीत खोली १८ अंश, चिप पूर्ण भाराला ६८. म्हणजे पन्नासचा फरक. हा पन्नासच माझा खरा आकडा होता. मी मात्र सगळ्यांना सांगत सुटलो, ४.६, ६८ अंश.

मार्चमध्ये उन्हं तापली तसं मी व्होल्टेज १.३८ वरून १.३६ केलं, चिप जरा निवावी म्हणून. प्राइम९५, म्हणजे चिपला पूर्ण भार देऊन तिचे हिशेब तपासणारं सॉफ्टवेअर, तासभर चालवलं. पास. रात्रभर चालवायला हवं होतं. रात्री कामाच्या होत्या.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली रात्र. स्लॅबची खोली, पश्चिमेची भिंत, खोलीतला पाण्याचा कूलर चालू, वाळ्याचा ओला वास. अकराच्या आधी रेंडर लावलं आणि बाहेर अंगणात झोपलो. दोन वाजून दहा मिनिटांनी लाईन गेली. इन्व्हर्टरने कॉम्प्युटर उचलून धरला. खोलीतला कूलर मात्र इन्व्हर्टरवर नव्हता, तो बंद पडला. तापमानाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर चालू होतं, म्हणून मला आज मिनिटामिनिटाचं सांगता येतं: दोनला ७८, सव्वादोनला ८२, अडीचला ८७, पावणेतीनला ८९. चिप स्वतःहून वेग आवरते ती ९८ ला. तिथपर्यंत गेलंच नाही. दोन पन्नासला रेंडर पूर्ण. मशीन अडकलं नाही, निळा पडदा नाही, काही नाही.

सकाळी फाईल उघडली. सुरुवात पाहिली, मंगलाष्टकं पाहिली, शेवटची नावं पाहिली. पेनड्राइव्हवर दिली. आणि मूळ फुटेज उडवलं. थायलंडच्या २०११ च्या पुरानंतर हार्डडिस्कचे भाव आकाशाला भिडले होते, पुढच्या लग्नाला जागा हवी होती.

पोळ्याच्या सुमारास नवरीचा धाकटा भाऊ आला. आजी गेली होती. तेरवीला आजीचा व्हिडिओ दाखवायचा होता. म्हणाला, "पाठवणीत आजीनं ताईची आलाबला घेतली न, तिथं आमचा टीव्ही अटकते जी. तुमच्याजवळची चांगली कॉपी द्या."

माझ्याजवळही तीच कॉपी होती. तो समोर बसलेला असतानाच मी ती जागा काढली. आजीचे दोन्ही हात नवरीच्या गालांपाशी येतात, आणि चित्र फाटतं. राखाडी-हिरवे चौकोन, हात कुठे, चेहरा कुठे कळत नाही. एका फ्रेमचा हिशेब चुकला की पुढच्या फ्रेमा तिच्याच आधाराने बांधलेल्या असतात; नवी पूर्ण फ्रेम येईपर्यंत चूक ओघळत राहते. इथे नऊ सेकंद. आवाज धड आहे. बोटं मोडल्याचा आवाज स्पष्ट येतो आणि आजी म्हणते, "सुखात राय माय." नऊ सेकंदांनी चित्र सावरतं तेव्हा आजी पदराने डोळे पुसत बाजूला झालेली असते.

मी त्याला सांगितलं, कॅमेऱ्याचं कार्ड खराब होतं. तो म्हणाला, "असू द्या भाऊ, आवाज तरी आहे."

त्या रात्री मी खोलीतला कूलर बंद करून, दार लावून प्राइम९५ लावलं. तेविसाव्या मिनिटाला चारपैकी तिसरा धागा थांबला: राउंडिंग ०.५ आलं, ०.४ च्या आत अपेक्षित होतं. म्हणजे चिपचा हिशेब चुकला; त्या वेगाला, त्या उष्णतेत १.३६ व्होल्टेज पुरत नव्हतं. उरलेले तीन चालूच. विंडोज चालू, माउस हलतोय, पंखा फिरतोय. मी बराच वेळ त्या एका ओळीकडे पाहत बसलो. हीटसिंक काढला तर पात्यांच्या पुढच्या कडेला कापसाच्या तुसाची मऊ पातळ चादर बसलेली. जिनिंगच्या गावात ती बसणारच.

तेव्हाचा मी माझ्याशी अजून भांडतो. तो म्हणतो: मूळ फुटेज उडवलंस ही चूक, ओव्हरक्लॉकची नाही. खरं आहे. म्हणतो: कार्ड खरंच खराब नसेल कशावरून? रॅमचा दोष नसेल कशावरून? मूळ फाईलच नाही तर सिद्ध काय करणार? हेही खरं आहे. म्हणतो: त्या वेगामुळेच त्या हंगामातली बाकी सगळी लग्नं वेळेवर गेली. गेली. मी त्याला एवढंच विचारतो की त्या बाकीच्या फाईलींत मी काय काय पाहिलं नाही? त्यावर तो गप्प बसतो, आणि मीही.

मशीन जळेल याची भीती लोकांना वाटते. "जळणार नाही न?" हा दुसरा ठरलेला प्रश्न. जळत नाही हो. चिप स्वतःला सांभाळते, फार तर बंद पडते. बंद पडलेलं मशीन निदान खोटं बोलत नाही. मला भीती वाटते ती चालू राहून चुकीचं उत्तर देणाऱ्या मशीनची.

आता तुम्ही म्हणाल, मग सोडलं असेल. नाही सोडलं. हल्लीचे प्रोसेसर थंडावा मिळेल तसे आपणच वर चढतात, वेगाचा गुणक हाताने वाढवण्यात फारसं काही उरलेलं नाही. तरी माझ्या आताच्या रायझन ५६०० प्रोसेसरवर कर्व्ह ऑप्टिमायझर ही सेटिंग उणे १५ वर आहे, म्हणजे वेग तोच ठेवून व्होल्टेज खाली. गुन्हा तोच, दिशा उलटी. का करतो याचं मला पटणारं उत्तर माझ्याकडे नाही. होळी झाली की शून्यावर आणतो, कूलर बंद ठेवून, दार लावून रात्रभर चाचणी लावतो, आणि फुटेज दोन डिस्कवर ठेवतो, पैसे देणाऱ्याने स्वतः सांगेपर्यंत.

म्हणून आकडा विचारलात की मी उलट विचारतो: खोली किती तापते? लाईन गेल्यावर किती तापते? पात्यांतला तूस शेवटचा कधी काढला? आणि त्या मशीनवर कुणाचं काय ठेवलेलं आहे? याला काही जण कंटाळतात आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारतात. तो त्यांना ४.६ सांगतो.

नवरीच्या भावाला मी अजून खरं सांगितलेलं नाही. तो आता पुलगावला असतो. भेटला की नमस्कार करतो.